आधी मिशा, मग दात

"काकू, फोटोंचा क्रम कुणी बदललेला नाही ना?" मशीनवाल्याने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, आणि फाईलबाईंनी लगेच सांगून टाकलं, "नाही." इतकं चटकन, की त्यांचा त्यांनाच तो शब्द कुणी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटला. सकाळचे अकरा वाजले होते आणि खोलीचे पडदे लावलेले होते. तिघांचेही फोन बंद करून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवले होते. टेबलावरचा लॅपटॉप जुना, जाडजूड होता. त्यातला इंटरनेट पकडणारा भाग मशीनवाल्याने आल्याआल्या उपसून काढला होता आणि दात काढल्यावर दाखवतात तसा तळहातावर धरून दाखवला होता. "आता याला बाहेरच्या जगातलं काही कळत नाही, आणि बाहेरच्यांना याच्यातलं," तो म्हणाला होता. मग त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका, वहिनी. या कामातला पहिला नियम तोच. मी बघणार नाही, तुम्ही टाईप करा." तो बाईंच्या मुलाचा मित्र होता. नात शाळेत होती. बाई अल्बममधून एकेक फोटो काढून पालथा करून सुनेपुढे ठेवत होत्या, सून मागचा पेन्सिलीतला इंग्रजी शब्द वाचून तो टाईप करत होती, आणि सातव्या फोटोपाशी त्याने सहज म्हणून तो प्रश्न विचारला होता. बाईंचा हात थांबला नाही. आठवा फोटो त्यांनी तितक्याच सरळ रेषेत ठेवला.

सरळ रेषेत ठेवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये, एकतीस वर्षं. तिथेच त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि त्या फाईलबाई झाल्या. डॉक्टर बदलले, डीन बदलले, भिंतींचा रंग बदलला, पण बाईंच्या रॅकवरची फाईल कधी इकडची तिकडे झाली नाही. नव्या कारकुनाला त्या पहिल्याच दिवशी ऐकवायच्या, "चुकीच्या जागी ठेवलेली फाईल जळालेल्या फाईलीपेक्षा वाईट. जळालेली निदान कुणी शोधत तरी बसत नाही." मुलगा सात वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून तो शाळा सुटली की तळघरात यायचा, लोखंडी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून डबा खायचा, मग त्यांच्या हाताखाली फायली लावायचा. चांगलं लावायचा. एकदाच चुकला, आणि ती फाईल दोन महिन्यांनी सापडली. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. त्याने गालाला हातसुद्धा लावला नव्हता. "पुन्हा नंबर विचार, आता चुकणार नाही," एवढंच म्हणाला होता. बाईंना हे आत्ता का आठवावं? पंधरावा फोटो. सतरावा. सुनेच्या बोटांची नखं कुरतडलेली होती.

मुलगा गेल्याला अडीच महिने झाले होते. ऑफिसात, खुर्चीतच, डोकं टेबलावर टेकून. शेजारचा म्हणाला, आम्हाला वाटलं झोपलाय. अडतीस वर्षांचा माणूस. त्याने साठवलेलं जे काही होतं ते बँकेत नव्हतंच, इंटरनेटवरच्या आभासी नाण्यांत होतं. ते एका अंगठ्याएवढ्या डबीत होतं, म्हणजे तिच्यातही नव्हतं, डबी नुसती किल्ली, असं सुनेने बाईंना तीनदा समजावलं तरी बाईंना ते हवेत बांधलेलं घरच वाटत राहिलं. सुनेने डबीवर वाढदिवस टाकून पाहिले, लग्नाची तारीख टाकली, मुलीचा शाळेचा नंबर टाकला, आणि ठरावीक चुका झाल्यावर डबीने स्वतःला पुसून कोरं करून टाकलं. मग इंटरनेटवर एक गोड बोलणारा भेटला. सगळं परत मिळवून देतो, फक्त तुमचे चोवीस शब्द पाठवा, म्हणाला. शब्द हातात नव्हते म्हणूनच वाचली. "तो मदतनीस नव्हे, वहिनी, दरोडेखोर," मशीनवाला नंतर म्हणाला होता. "शब्द ज्याच्या हाती, माल त्याचा. त्या शब्दांतूनच किल्ल्या घडतात. पोलिसात गेलात तरी उपयोग नाही." शब्द आहेत तरी कुठे, हे मुलाच्या खणातल्या चिठ्ठीने सांगितलं. त्याचं ते घाईचं, डावीकडे झुकलेलं अक्षर. 'चोवीस शब्द अल्बममध्ये, फोटोंच्या मागे. अल्बम आईकडे आहे. तिला कळेल.'

अल्बम तिच्याकडे होता. बाईंच्या गेल्या वाढदिवसाला त्याने तो आणला तेव्हा बाई डाळ निवडत होत्या. त्याचेच लहानपणापासूनचे चोवीस फोटो, जुन्या घराच्या गल्लीतल्या फोटोवाल्याने काढलेले, बाईंच्या पत्र्याच्या पेटीतून त्यानेच कधीतरी उचलून नेलेले. "आई, नीट बघ हं. काय केलंय ते ओळख," तो म्हणाला होता आणि समोर उकिडवा बसला होता. बाईंनी पान उघडलं तर पहिल्याच फोटोत मिसरूड फुटलेला कॉलेजकुमार, आणि त्याच्या शेजारी सहा महिन्यांचं बोळकं. त्या वैतागल्या. "काय ओळखायचं त्यात? तुझी नेहमीची तऱ्हा. आधी मिशा, मग दात!" तो खदाखदा हसला होता. हसून झाल्यावर म्हणाला, "बघ अजून एकदा. आणि असाच ठेव, हलवू नकोस." असाच ठेव म्हणजे पेटीत कोंबू नकोस, असं बाई समजल्या. चार दिवस त्यांनी दम काढला. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि पोराला जन्मापासून नीट लावून टाकलं: पालथा पडलेला, बसलेला, शाळेचा पहिला दिवस, कपाळाला पट्टी, मिशा, लग्न. तारखा बघायची गरज नव्हती, फोटो उलटायची तर नव्हतीच. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना वर्ष कळायचं. एखाद्‍दुसऱ्या फोटोमागे पेन्सिलीत लिहिलेलं दिसलं, लॅडर, वॉलनट, असलं काहीतरी. नातीला स्पेलिंग शिकवत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. काम झाल्यावर किती बरं वाटलं होतं त्यांना. अगदी त्या दुपारचं ऊनसुद्धा आठवतंय.

चोविसावा शब्द टाईप झाला. सुनेने बटण दाबलं. पडद्यावर एक लाल ओळ आली.

"लाल आलं," सून म्हणाली. मशीनवाल्याने स्पेलिंगं पुन्हा तपासायला सांगितली. तपासली. पुन्हा लाल. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "शब्द खरेच आहेत, एकही खोटा नाही. क्रम चुकतोय. काकू म्हणतात कुणी हात लावलेला नाही, म्हणजे त्यानंच मुद्दाम उलटसुलट लावून ठेवलेत. डोकेबाज होता. वहिनी, आठवा, कधी काही बोलला होता का?" सून हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मला काय सांगणार तो? जिवंतपणी एक धड सांगितलं नाही, आणि गेला तर वर कोडं घालून गेला." ती उठून खिडकीपाशी गेली आणि पडदा न सरकवता तशीच उभी राहिली. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर कितीही खापर फोडा, तो काही हात वर करत नाही. बाईंच्या घशापर्यंत शब्द आला होता. मी लावले, मी, हात दाखवून अवलक्षण करणारी मी. पण त्यांनी विचारलं, "सगळे क्रम करून बघता नाही येणार?" "चोवीस शब्दांचे? जगातली सगळी मशीनं कामाला लावली, तरी सूर्य विझेल, काकू." मग त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "पण बारा जागा पक्क्या सांगितल्यात, की हा अमुक नंबरला होता, तर उरलेल्या बारा हे मशीन लावून बघेल. दिवस लागतील, पण होईल. फक्त त्या बारा पक्क्या हव्यात. त्यातली एक जरी चुकली तर मशीन फिरत राहील आणि कुठे चुकलं ते कधीच सांगणार नाही." रविवारी पुन्हा येतो म्हणाला, आणि तांदळाच्या डब्यातून आपला फोन काढून घेऊन गेला.

रविवारला पाच दिवस होते. थकलेलं भाडं भरू, नाहीतर घर सोडू, अशी महिनाअखेरची तारीख घरमालकाला देऊन झाली होती. सून आधीच बोलली होती, अगदी शांतपणे, भाजी चिरता चिरता, "काही झालं नाही तर आम्ही ताईकडे जाऊ, आई. तिच्या गावात मला नोकरी मिळेल. पण ताईकडे एकच खोली मोकळी आहे. दोघींपुरती." बाईंनी "बरोबर आहे" म्हटलं होतं. दोघी म्हणजे कोण, हे मोजायला बोटं लागत नव्हती. नात रात्री त्यांच्याच कुशीत झोपायची, आपला थंड पाय त्यांच्या पोटरीला लावून. आता बाई दिवसभर अल्बम घेऊन बसू लागल्या. सून बघायची आणि तिला वाटायचं, म्हातारी मुलाला बघतेय. ती आवाज न करता दार ओढून घ्यायची, आणि ती जपणूक बाईंना चाबकासारखी लागायची. काय होतं कुठे? पहिल्या मिशा. दुसरं बोळकं. हे पक्कं, कारण त्याचाच राग आला होता. राग आला तेवढंच आठवत होतं. तिसरा बाईंच्या सत्काराचा, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, तो बाजूला हाफपँटीत. तेव्हा वाटलं होतं, हा माझा फोटो याच्या बाळपणात कशाला घुसडला? चौथा कपाळावरच्या पट्टीचा. शिडीवरून पडला होता तो, वरच्या रॅकची फाईल काढताना, आणि रक्त पुसायच्या आधी म्हणाला होता, फाईल सापडली. शेवटी शाळेचा पहिला दिवस, शेवटी! त्याचा तर फारच संताप झाला होता. आणखी दोन कसेबसे. सात झाले. बाकीच्या सतरांनी आपलं तोंड मिटून घेतलं होतं. एवढ्या वर्षांत हजारो माणसांच्या फायलींच्या जागा पाठ असलेल्या बाईंना स्वतःच्या मुलाचे सतरा फोटो कुठे होते ते आठवेना. आयुष्यभर त्याच्या वह्या लावल्या, कपाट लावलं, त्याने बायको आपली आपण निवडली तर तेही महिनाभर मनात उलटसुलट करून पाहिलं. त्याने लावलेलं असं काही त्यांनी कधी पाहिलंच होतं का? की त्याने लावलं रे लावलं की यांचा हात गेलाच?

शुक्रवारी बाईंची तपासणी होती. रक्तदाबाची, जुन्याच इस्पितळात. जायचा उत्साह नव्हता, पण घरात बसवत नव्हतं. रेकॉर्डची खिडकी आता वर तळमजल्यावर आली होती. आत तेच लोखंडी रॅक, तोच धुळीचा आणि जुन्या डिंकाचा वास. नवा कारकून पोरगेला होता, कानात वायर. त्याने बाईंच्या कार्डावरचा नंबर पाहिला आणि पहिल्या आकड्यापासून शोधायला सुरुवात केली. एका रॅकपाशी गेला, दुसऱ्यापाशी गेला, डोकं खाजवलं. मागे रांग लागलेली. "फाईल सापडत नाही, आजी. नवीन काढू का?" तो म्हणाला, आणि बाईंचा आवाज त्यांच्याही आधी खिडकीतून आत शिरला, "मागून वाच! शेवटचे दोन आकडे आधी, मग मधले, मग पुढचे. इथं मागून लावतात, एवढंही शिकवलं नाही तुला?" पोराने मागून वाचलं. दोन पावलांवर होती फाईल.

ती त्याने खिडकीतून पुढे केली तरी बाईंनी हात पुढे केला नाही. मागून लावतात. फायली रोज वाढतात, सरळ नंबराने लावल्या तर सगळा बोजा शेवटच्या रॅकवर पडतो, म्हणून शेवटच्या दोन आकड्यांनी घरं करायची, हे त्यांनीच त्याला शिडीच्या पायरीवर बसवून शिकवलं होतं. पुन्हा नंबर विचार, आई. आणि गल्लीतला तो फोटोवाला, प्रत्येक फोटोमागे जांभळ्या शाईत सहा आकडी पावती नंबर मारणारा! मागच्या माणसाने "आजी, सरका" म्हटलं तेव्हा त्या सरकल्या. भिंतीला धरून. डॉक्टरकडे गेल्याच नाहीत.

घरी कुणी नव्हतं. बाईंनी चोवीसही फोटो जमिनीवर पालथे मांडले आणि चष्मा पुसला. जांभळी शाई फिकी झाली होती, पण आकडे वाचता येत होते. मिशांच्या फोटोचे शेवटचे दोन आकडे शून्य दोन. बोळक्याचे शून्य सात. सत्काराच्या फोटोला अकरा आणि पट्टीच्या फोटोलाही अकराच. मग मधले आकडे बघायचे, वीस आणि त्रेपन्न, म्हणजे सत्कार आधी, पट्टी मग. बरोबर. शाळेचा पहिला दिवस, शहाण्णव, सगळ्यांत शेवटी. आठवलेले सातही आपापल्या जागी मुकाट जाऊन बसले, आणि बाकीचे सतरा त्यांच्यामधून. बाईंचे हात जुन्या सवयीने चालत होते, दहा मिनिटांत काम संपलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. त्यांनी मात्र सुटका झाल्याचा सुस्कारा सोडला नाही. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. तो समोर उकिडवा बसला होता, डाळीच्या ताटापलीकडे. नीट बघ हं. अडतीस वर्षांच्या बाप्याने नऊ वर्षांच्या पोराचं तोंड करून विचारलं होतं, आणि त्यांनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकावा तसा तो प्रश्न बाजूला टाकला होता. जगात हा क्रम ओळखू शकेल असं एकच माणूस होतं. त्याने कुलूप तिच्या हाताच्या मापाचं केलं होतं. बाई मोठ्याने रडल्या, तोंडात पदर न कोंबता, तो गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या तशा.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. आधी उत्तर सांगितलं, मग आपली करणी. उत्तर ऐकताना सुनेचा चेहरा उजळला होता. तो पुढचं ऐकताना हळूहळू विझला. "म्हणजे अल्बम तुम्ही हलवला होता."

"हो."

"चूक होते, आई. त्याचं काही नाही." तिने ओढणी खांद्यावर ओढली. "पण त्या दिवशी त्याच्या मित्रानं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. चार दिवस मी त्याला शिव्या घालतेय. फोटोसमोर उभी राहून घातल्या. तुम्ही ऐकत होतात."

गॅसवर दूध उतू गेलं आणि दोघी एकदमच उठल्या, पण बंद सुनेने केला.

रविवारी पुन्हा पडदे, तांदळाचा डबा, भिंतीकडे फिरवलेली खुर्ची. या वेळी फोटो सुनेने स्वतःच घेतले. बाई बाजूला बसल्या. चोविसावा शब्द, शाळेचा पहिला दिवस. बटण. लाल ओळ आली नाही. "उघडलं," सून म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मशीनवाल्याने भिंतीलाच नमस्कार केला. मग तो पुन्हा कामाचं बोलू लागला. "आता थांबायचं नाही, वहिनी. हे शब्द इतक्या हातांतून गेलेत, आज मशीनलाही कळले. उघडे पडलेले शब्द ठेवायचे नाहीत. मी नवी, सील न फोडलेली डबी आणलीय. ती तुम्हाला नवे चोवीस शब्द देईल, ते हाताने कागदावर लिहायचे, सगळा माल तिकडे हलवायचा. मग हे जुने शब्द नुसती रद्दी. आणि नवे लिहिताना खोलीत दुसरं कुणी नको. मीसुद्धा बाहेर थांबतो." तो उठला. बाई बसून होत्या. त्यांना वाटलं ते फक्त त्याच्याबद्दल होतं.

"आई," सून खाली बघत म्हणाली, "तुम्हीही."

बाईंनी अल्बम आणि फोटो गोळा केले आणि बाहेरच्या खोलीत आल्या. आतून कडी लागली. मशीनवाला गॅलरीच्या दारात उभा होता. त्याला खरंच आनंद झाला होता. "दोस्तानं कमाल केली, काकू. क्रम कागदावर लिहिलाच नाही. तुमच्या डोक्यात ठेवला. याहून सुरक्षित जागा त्याला मिळाली नसती." बाईंनी मान हलवली. काहीतरी म्हणायला हवं म्हणून त्यांनी चहा विचारला. तो नको म्हणाला.

नात जमिनीवर आपली खेळणी एका खोक्यात भरत होती. "आजी, मावशीच्या गावात आम्ही नवीन घर घेणार, माहितीये? मला वेगळी खोली. आई म्हणाली."

"हो का? आणि मला?"

नातीने एक बाहुली खोक्यात घातली, पुन्हा बाहेर काढली. "ते नाही म्हणाली."

बाईंनी अल्बम मांडीवर घेतला आणि रिकाम्या कप्प्यांत फोटो सरकवायला सुरुवात केली. मिशा. बोळकं. सत्कार. पट्टी. नंबर बघावा लागत नव्हता. नात गुडघ्यावर चालत जवळ आली, तिने पान पाहिलं आणि बाईंच्याच स्वरात म्हणाली, "आजी, हे सगळं उलटंसुलटं झालंय. बाबा आधी मोठे, मग छोटे. मी नीट लावून देऊ?" तिचा हात पानावर आलादेखील.

बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"नको गं," त्या म्हणाल्या. "असंच आहे ते."